फोरहँड कॅमेऱ्यासमोर: ऑनलाइन कोचिंगमधून फटका कसा सुधारायचा

मी ऑनलाइन टेनिस शिकवते. मला येणारे निरोप बहुतेक एकाच साच्यातले असतात, आणि तेही फोरहँडबद्दल, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारायच्या फटक्याबद्दल. "मॅडम, फोरहँड सारखा नेटमध्ये जातोय, काय करू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. व्हिडिओ पाठवा. आणि तो स्वतः बघण्याआधी, नेमकं काय बिघडलंय असं तुम्हाला वाटतं, ते एका ओळीत लिहून सोबत पाठवा.

व्हिडिओ का, हे उघड आहे. नेटमध्ये जाणारा फोरहँड म्हणजे बॉल उशिरा घेतला असेल, रॅकेटचा फेस (तारांचा सपाट भाग) खाली झुकला असेल, स्विंग खालून वर न जाता आडवा गेला असेल, नाहीतर हातात काहीच दोष नसेल आणि पायच वेळेवर पोचले नसतील. नुसत्या वर्णनावरून यातलं काय ते सांगता येत नाही. जो सांगतो त्याच्यापासून जरा लांब राहा.

ती एक ओळ मात्र मी हट्टाने मागते, कारण ती आणि व्हिडिओ क्वचितच जुळतात. "मनगट ढिलं पडतंय" असं लिहिणाऱ्याचं मनगट व्यवस्थित असतं आणि खांदे वळलेलेच नसतात. "मी पूर्ण खाली वाकते" असं लिहिणारीचे गुडघे सरळसोट असतात. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नाही. बॉल स्ट्रिंगवर टेकतो तो जेमतेम चार-पाच मिलिसेकंद. तेवढ्यात हात कुठे होता, डोकं कुठे होतं, हे आतून कळत नाही. काहीतरी जाणवतं एवढंच. कोर्टवर शेजारी उभी राहून मी "उशीर झाला" म्हटलं तर समोरचा मान डोलावतो, पण त्याला पटलेलं नसतं. तीच फ्रेम स्क्रीनवर थांबवून दाखवली की वाद मिटतो. जे वाटतं आणि जे असतं, त्यातलं अंतर दिसणं, ऑनलाइन शिकण्याचा मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

कॅमेरा कुठे आणि कसा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मे व्हिडिओ इथेच वाया जातात.

दोन कोन पुरतात. पहिला मागून: बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, मध्यखुणेच्या रेषेत, मागच्या जाळीला फोन अडकवून, डोक्यापेक्षा थोडा उंच. यातून पाय, बॉलपर्यंतचं अंतर आणि फटक्याची दिशा दिसते. दुसरा बाजूने: बेसलाइनच्या रेषेत, साधारण कमरेच्या उंचीवर. उजव्या हाताने खेळत असाल तर फोरहँडसाठी फोन तुमच्या उजव्या बाजूला, बॅकहँडसाठी डाव्या. डावखुऱ्यांनी उलट करायचं. बॉल शरीराच्या किती पुढे घेतला हे फक्त बाजूनेच कळतं. तिरक्या कोनातून चित्रण केलं तर उशिरा घेतलेला बॉलही वेळेवर घेतल्यासारखा दिसू शकतो, आणि मग मी चुकीचाच सल्ला देणार.

फोन आडवा धरा. पायाच्या बोटांपासून रॅकेटच्या टोकापर्यंत सगळं चौकटीत यायला हवं, शिवाय समोर बॉलचा टप्पा पडतो ती जागाही. सर्व्हला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या फटक्याला, मात्र फोन उभा, नाहीतर टॉस (हाताने वर उडवलेला बॉल) वरून चौकटीबाहेर जातो आणि जे बघायचं तेच दिसत नाही. ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून यावं.

आता फ्रेम. नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद जातात. रॅकेटचं टोक ताशी १०० किलोमीटरने फिरत असेल, तर तेवढ्या वेळात ते ९० सेंटीमीटरच्या वर पुढे सरकतं. म्हणजे एका फ्रेममध्ये रॅकेट बॉलच्या मागे, पुढच्या फ्रेममध्ये फटका संपत आलेला, आणि मधला क्षण गायब. स्लो मोशनला २४० फ्रेम घेतल्या की हेच अंतर १२ सेंटीमीटरच्या आत येतं आणि बॉल स्ट्रिंगवर असलेली एखादी फ्रेम हाती लागते. रिझोल्यूशन १०८० असलं तरी भरपूर झालं. फोरकेपेक्षा फ्रेम वाढवा. भरपूर उजेड हवा, कारण कमी उजेडात फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि रॅकेटच्या जागी नुसता धूसर पट्टा उमटतो. शटर स्वतः ठरवता येणारं कॅमेरा ॲप असेल तर एक हजारांश सेकंदावर ठेवा.

सगळंच स्लो मोशनमध्ये पाठवू नका. फटक्याची लय खऱ्या वेगातच समजते. मी तर पहिल्यांदा नेहमीच्या वेगात, आवाज चालू ठेवून बघते. बॉल मध्यावर लागला की कडेला, हे आवाजावरून आधी कळतं. आणि फाइल मेसेजिंग ॲपवरून नका पाठवू. ते व्हिडिओ दाबून लहान करतं आणि त्यात बऱ्याच फ्रेमही गळतात. मूळ फाइल क्लाउडवर टाकून लिंक द्या.

काय चित्रित करायचं

निवडक उत्तम फटके नकोत. सलग दहा-बारा, कापाकापी न केलेले, चुकलेल्यांसकट हवेत. चुकलेले जास्त हवेत, खरं तर. प्रत्येक फटक्यानंतर बॉल कुठे गेला ते मोठ्याने बोला: "नेट", "लांब", "आत". व्हिडिओत बऱ्याचदा पलीकडचं कोर्ट दिसत नाही, तेव्हा तो आवाज फार उपयोगी पडतो.

तीन प्रकारचं चित्रण वेगवेगळं ठेवा: हाताने दिलेल्या सोप्या बॉलवर, रॅलीत (बॉल सलग इकडून तिकडे मारताना), आणि गुण मोजून खेळताना. सोप्या बॉलवर फटका छान आणि गुण मोजायला लागल्यावर ढासळत असेल, तर तंत्रात फारसं काही बिघडलेलं नाही. पाय आणि तयारी बघायला हवी. दोन्हीकडे एकच दोष असेल तर तो फटक्यातच मुरलेला आहे.

सोबतचा निरोप असा असावा: "उजव्या हाताने खेळतो. फोरहँडला सेमी-वेस्टर्न ग्रिप, फोटो जोडलाय. आठवड्यातून तीनदा खेळतो, बहुतेक डबल्स. क्रॉसकोर्ट रॅलीत तिसरा-चौथा बॉल उजवीकडे बाहेर जातो. मला वाटतं मनगट वळतंय. डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं आहे." (ग्रिप म्हणजे रॅकेटवरची पकड, तिचे प्रकार पुढे सर्व्हच्या भागात सांगते. क्रॉसकोर्ट म्हणजे कोर्टच्या तिरक्या रेषेत.) एवढ्यावर मला कामाला लागता येतं. "माझा गेम बघून सगळं सांगा" यावर नाही.

पाठवण्याआधी चार ठिकाणी थांबवा

कोचकडे जाण्याआधी स्वतः बघायची सवय लावून घ्या. एकच फटका घ्या आणि तो चार क्षणी थांबवा.

समोरच्याने बॉल मारला तेव्हा: तुम्ही स्प्लिट स्टेपमध्ये आहात का? म्हणजे छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरण्याच्या बेतात. टाचा जमिनीला चिकटलेल्या असतील तर पुढचं सगळं उशिरा सुरू होणार.

बॉल नेट ओलांडतो तेव्हा: खांदे वळलेत का, आणि मोकळा हात बेसलाइनला समांतर आडवा गेलाय का?

बॉल रॅकेटवर असताना: तो पुढच्या कमरेच्या पुढे आहे का? ईस्टर्न ग्रिपपेक्षा सेमी-वेस्टर्नला तो आणखी पुढे आणि जरा उंच घ्यावा लागतो. डोकं स्थिर आहे का, की नजर आधीच पलीकडच्या कोर्टवर पोचली?

आणि फटका संपल्यावर: तोल सांभाळून आहात, की एका पायावर कलंडताय?

शेवटच्या थांब्यावर फार वेळ घालवू नका. लोकांना फॉलो-थ्रूचं भारी आकर्षण असतं. रॅकेट कानावर संपली, खांद्यावर संपली की दंडाखाली, हे आधी जे घडलं त्याचं फळ असतं.

वर निरोपात जो "उजवीकडे बाहेर" आणि "मनगट वळतंय" असं लिहितोय, तो काही अगदीच काल्पनिक नाही. माझा एक पन्नाशीतला विद्यार्थी असंच लिहायचा. त्याचा बाजूचा व्हिडिओ थांबवत गेले. बॉल रॅकेटवर: मागच्या कमरेच्या रेषेत, म्हणजे उशिरा, म्हणून फेस बाहेरच्या बाजूला उघडा, म्हणून बॉल उजवीकडे. मनगटाने तो बिचारा शेवटच्या क्षणी बॉल आत ओढायचा प्रयत्न करत होता, मनगट दुखायचं तेही त्यामुळेच. आणखी मागे गेले. बॉल त्याच्या बाजूला टप्पा घेतोय आणि रॅकेट अजून पोटासमोर. त्याहून मागे: बॉल नेटवर, आणि तो समोर तोंड करून उभा. म्हणजे दुरुस्ती मनगटापासून फार लांब, नेटवरून बॉल येतो त्या क्षणी करायची होती.

त्याला सांगितलं एकच. समोरच्याने मारल्याबरोबर दोन्ही हात रॅकेटवर ठेवून खांदे वळवायचे, आणि बॉल नेटवरून जाताना मोठ्याने "वळलो" म्हणायचं. खरंच वळलेला असेल तरच. सुरुवातीला तो शब्द बॉल टप्पा घेताना तोंडातून यायचा, म्हणजे उशीर किती होता हे त्याचं त्यालाच ऐकू यायला लागलं. मनगटाबद्दल आम्ही पुन्हा बोललोच नाही.

तुमच्या व्हिडिओतही असंच उलटं चालत जा. दोष दिसला की त्याच्या आधीची फ्रेम, मग तिच्या आधीची. जिथे पहिल्यांदा काही वावगं दिसेल तिथपासून दुरुस्ती सुरू करायची.

दुरुस्ती अंगात कशी उतरवायची

एका वेळी एकच गोष्ट. मी दोन सांगितल्या तरी तुम्ही एकच उचला आणि मला तसं कळवा.

दुरुस्ती करताना अतिरेक करावा लागतो. बॉल वीतभर पुढे घ्यायचा असेल तर हातभर पुढे घेतोय असं वाटलं पाहिजे. व्हिडिओत तो वीतभरच पुढे दिसेल. "काहीतरी विचित्र वाटतंय" असं कुणी लिहिलं की मला बरं वाटतं. सगळं नेहमीसारखं वाटत असेल तर बहुधा काहीच बदललेलं नाही.

म्हणून त्याच सरावात लगेच बघा. पाच फटके, एक नजर, पुन्हा पाच. काही सेकंद उशिराने व्हिडिओ दाखवणारी ॲप असतात. टॅबलेट बाकावर ठेवला की फटका मारून वळल्यावर तोच फटका समोर दिसतो, हातात फोन घ्यावाच लागत नाही. घरी जाऊन रात्री बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण जाणीव अजून ताजी असते.

पायऱ्या अशा. आधी बॉलशिवाय, आरशासमोर किंवा फोनसमोर, संथ. मग स्वतःच बॉल टाकून एका टप्प्यावर मारायचा. मग जोडीदाराने हाताने टाकलेले बॉल. मग नेटपासून ६.४० मीटरवरच्या सर्व्हिस लाइनमागे उभं राहून, बॉल नेट आणि त्या रेषेमधल्या सर्व्हिस बॉक्समध्येच पाडत छोटी रॅली. मग बेसलाइनवरून. सगळ्यात शेवटी गुण मोजून. दहापैकी सात फटक्यांत बदल दिसला की पुढची पायरी, मोडला की एक पायरी मागे. सातचा आकडा माझा ठोकताळा आहे, तुम्ही आठ धरा, हरकत नाही. पण मोजायचं काय ते नीट लक्षात घ्या: बदल झाला का ते. बॉल आत पडला का ते नाही. पहिल्या काही सरावांत बॉल जाळीवर, शेजारच्या कोर्टवर, कुठेही जाऊ द्या.

भिंतीवर सराव करणाऱ्यांसाठी एक सूचना. भिंतीवरून बॉल फार लवकर परत येतो आणि घाईत जुनाच स्विंग बाहेर पडतो. नवीन बदल बसवताना भिंतीपासून लांब उभे राहा आणि बॉलला दोन टप्पे घेऊ द्या.

स्पर्धा तोंडावर असेल तर यातलं काहीच सुरू करू नका. अव्वल खेळाडू कार्लोस अल्काराझनेही सर्व्हची हालचाल बदलली ती हंगामांच्या मधल्या सुटीत, आणि नवी सर्व्ह घेऊन तो २०२५च्या ऑस्ट्रेलियन ओपनला उतरला.

सर्व्ह, कारण ती एकट्याने सुधारता येते

ऑनलाइन शिकायला सर्व्हइतका सोयीचा फटका नाही. जोडीदार नको, समोरून येणारा बॉल नाही, वेळ तुमच्या हातात. बॉलची टोपली आणि फोन पुरे.

आधी ग्रिपचा फोटो. रॅकेटच्या हँडलला आठ पैलू असतात. रॅकेटची कड जमिनीला काटकोनात धरा. वरचा सपाट पैलू पहिला. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी तिथून उजवीकडे मोजायचं, डावखुऱ्यांनी डावीकडे. तर्जनीच्या मुळाचं हाड दुसऱ्या पैलूवर आलं की कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न. सर्व्ह कॉन्टिनेंटलनेच करायची. याबाबत मी घासाघीस करत नाही.

मग मागून घेतलेला व्हिडिओ. बॉलकडे वर जाताना रॅकेटचा फेस आकाशाकडे उघडा दिसतोय का, वेटरने हातावर ट्रे धरल्यासारखा? तर ग्रिप फोरहँडची आहे, किंवा कॉन्टिनेंटल धरून शेवटच्या क्षणी ती फिरवली जाते. बरोबर सर्व्हमध्ये रॅकेट बॉलकडे कडेने जाते, आणि अगदी शेवटी दंड आणि हाताचा पुढचा भाग आत-बाहेर फिरून फेस सपाट होतो. हे मुद्दाम मनगट मोडून करायचं नसतं. सर्व्हिस लाइनवर उभे राहा, रॅकेट आधीच खांद्यामागे घेऊन अर्धीच सर्व्ह करा, कड बॉलकडे नेत. पहिले बरेच बॉल डावीकडे भरकटतील (डावखुऱ्यांचे उजवीकडे), ते चांगलं लक्षण आहे.

टॉसची तपासणी रॅकेटशिवायच करा. बॉल तळहातात नाही, बोटांवर, हात सरळ, डोळ्यांच्या उंचीपाशी सोडायचा. सोडा आणि पडू द्या. सपाट सर्व्हसाठी तो बेसलाइनच्या आत, पुढच्या पायाच्या समोर आणि किंचित रॅकेटच्या बाजूला पडला पाहिजे. जमिनीवर एक टॉवेल अंथरून ठेवा आणि किती टॉस त्यावर पडतात ते बघा. बाजूच्या व्हिडिओत पुढच्या पायाचं बोटही बघून घ्या. रेषेला चिकटून उभे राहणारे पुष्कळ जण बॉल मारण्याआधीच रेषेवर सरकलेले असतात, आणि तो फूट फॉल्ट आहे.

मोठ्या खेळाडूंच्या क्लिप

बघा, पण जपून. फेडररचा फोरहँड बॉल लागताना सरळ हाताचा, जोकोविचचा कोपरात वाकलेला. नदालची रॅकेट कितीदा डोक्यावरून फिरून संपायची. तिघांचं शेवटचं चित्र वेगळं, पण बॉल शरीराच्या पुढे, डोकं स्थिर आणि खांदे आधीच वळलेले, हे तिघांतही सापडेल. तुलना करायची तर तिथे करा. नदालसारखं डोक्यावरून संपवायला गेलेले हौशी खेळाडू माझ्याकडे येतात ते बहुतेक खांदा धरून.

कोच बरोबर आहे का

चांगला ऑनलाइन कोच आधी विचारतो: दुखापत, ग्रिप, किती खेळता, कशासाठी शिकताय. मग तुमच्याच व्हिडिओवर रेघा मारून, बोलून, एक-दोन गोष्टी दाखवतो, त्यासाठीचा सराव देतो आणि पुढच्या व्हिडिओत काय दिसलं पाहिजे ते आधीच सांगून ठेवतो. नऊ दोषांची यादी पाठवणाऱ्याला बरंच दिसत असेल, पण त्याने तुमचा खेळ सुधारत नाही. पुढचा व्हिडिओ मागतच नाही, त्याला पैसे देऊ नका.

लाइव्ह कॉल टॉस आणि बॉलशिवायच्या सरावाला ठीक. फटक्यांसाठी रेकॉर्ड केलेला व्हिडिओच बरा, कॉलवर हालचाल तुटक दिसते. दर दोन आठवड्यांनी एक व्हिडिओ पुरतो. त्याहून घाईने पाठवले तर बदल दिसत नाही आणि दोघंही वैतागतात. कोन मोजून देणारी ॲप वापरायची तर आकड्यांवर फार विसंबू नका. एकाच कॅमेऱ्यातून मोजलेला कोपराचा कोन कॅमेरा जरा हलला तरी बदलतो. ट्रायपॉडची जागा दर वेळी तीच ठेवा, म्हणजे निदान दोन तारखांची तुलना खरी होईल.

काही गोष्टी मला इथून कळतच नाहीत. तुम्ही ग्रिप किती आवळून धरता, हे त्यातलं सगळ्यात मोठं. दहा म्हणजे जितकी घट्ट धरता येईल तितकी असं धरलं, तर फटक्याआधी तीन-चारवर या, आणि खरा आकडा मला लिहा. दुखत असेल तर तेही लिहा, पण उपचार माझ्याकडे नाहीत. कोपर, मनगट, खांदा दुखत राहिला तर सराव थांबवून आधी डॉक्टर किंवा फिजिओ गाठा. फटका थांबेल, पळून जात नाही.

बदल बसला असं वाटलं की एक अख्खा सेट मागून चित्रित करा, नेहमीच्या वेगात. त्यातले आरामात मारलेले फटके सोडून द्या. फक्त धावत जाऊन मारलेले आणि तीस-चाळीस मागे असताना (पुढचा गुण गेला की गेम गेला, अशा वेळी) मारलेले फोरहँड बघा. तिथेही खांदे बॉल नेटवर असतानाच वळलेले दिसले, तर पुढचा व्हिडिओ बॅकहँडचा पाठवा, आणि सोबत ती एक ओळ.